२१ हजार वर्षाचे, की महिन्याचे?

आधी पत्र. नाव-गाव काढून, थोडं आटोपशीर करून देतोय.

“सप्रेम नमस्कार. मी एरंडोल तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. वय ३४. माझे मालक २०२१ साली ट्रॉली उलटून गेले. मुलगा सातवीत, मुलगी चौथीत, सोबत सासूबाई. २०२२पासून मला संजय गांधी निराधार योजनेचे पैसे मिळतात आणि सासूबाईंना म्हातारपणीचे श्रावणबाळचे. ४ ऑगस्ट २०२५पासून मी जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात पॅकिंगला जाते. पहाटे साडेचारला उठून भाकरी थापते, मग गाडी धरते. ठेकेदारामार्फत लागले आहे. पगार १२,०००, कापून १०,४७० खात्यात येतात. सप्टेंबरात संजय गांधीचे एकदम ३,००० आले, ऑक्टोबरच्या शेवटी १,५००. पासबुक पाहिलं की पोटात गोळा येतो. तहसीलला सांगायचं का? ठेकेदाराचा माणूस म्हणतो, ‘ताई, २१ हजारांच्या आत पगार आहे ना, मग काही होत नाही.’ दिवाळीला माहेरी गेले तर भावजय म्हणाली, ‘गप्प ऱ्हाय, कोणले समजस?’ माझी भीती वेगळी आहे. ठेकेदार कधीही उद्यापासून येऊ नको म्हणेल. सांगून पैसे बंद केले आणि नोकरीही गेली तर? पुन्हा चालू करायला किती चपला झिजतील? पुढचा हप्ता यायच्या आत उत्तर द्या.”

ताई, सांगायचं. लेखी सांगायचं आणि या आठवड्यात सांगायचं. पण तुमची भीती खोटी नाही, त्यामुळे नुसतं “प्रामाणिक राहा” असं लिहून मोकळा होत नाही. मी महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. त्यातली सहा वर्षं एका तालुक्यात संगायोच्या टेबलावर काढली. संगायो म्हणजे संजय गांधी योजना, निराधारांना दरमहा अनुदान देणारी. तहसीलमध्ये पूर्ण नाव कुणी घेत नाही. त्या टेबलावर बसून जे पाहिलं, त्यावरून लिहितो.

पहिल्यांदा ठेकेदाराच्या माणसाचा हिशोब. तो खोटं बोलत नाहीये, पण दुसऱ्याच कागदावरचा आकडा तुम्हाला सांगतोय. महिन्याला २१,००० पगार ही ईएसआयसीची, म्हणजे सरकारी कामगार विम्याची, मर्यादा आहे. त्याच्या आत पगार असलेल्या कामगाराचा ईएसआयसीचा विमा निघतो. त्याला रोज तेच फॉर्म भरायचे असतात, म्हणून त्याच्या डोक्यात तोच आकडा बसलेला. संजय गांधीची मर्यादाही २१,०००च आहे, पण ती वर्षाची आणि अख्ख्या कुटुंबाची. महिन्याला भागली तर १,७५० रुपये. तुमचा पगार वर्षाचा धरला तर १,४४,००० होतो. म्हणजे दुसऱ्या पगारालाच तुम्ही मर्यादेच्या बाहेर गेलात.

आता हा आकडा कसा आहे, ते जरा बघा. एक सरकारी कागद म्हणतो, महिन्याला २१,०००पर्यंत मिळवणारा माणूस कमी पगाराचा आहे, त्याला विम्याचं छत्र हवं. दुसरा सरकारी कागद म्हणतो, वर्षाला २१,०००च्या वर मिळवणारं कुटुंब निराधार नाही. रोजगार हमीचा २०२५-२६चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. त्या दराने एखादी विधवा बाई मातीकामाला गेली तर अडुसष्टाव्या दिवशी मर्यादा ओलांडते. ही योजना १९८० साली, अंतुले मुख्यमंत्री असताना सुरू झाली. मधल्या काळात अनुदान वाढत गेलं, ६०० होतं त्याचे १,००० झाले आणि जुलै २०२३पासून १,५००. उत्पन्नाचा आकडा मात्र तसाच गोठून राहिला. कपाशीच्या सीझनला चार महिने वेचणीला गेलेली बाईही नियमानुसार बाहेर जाते, आणि ते गावात सगळ्यांना माहीत असतं, तलाठ्यालाही. म्हणूनच या योजनेत अर्धं गाव गप्प बसतं. भावजयीचा सल्ला त्या सवयीतून आलाय, तिला नावं ठेवू नका.

पण शेतातली रोजंदारी आणि तुमची नोकरी यात फरक आहे. वेचणीचा रोज कुठे लिहिला जात नाही. तुमचा पगार दर महिन्याला तीन ठिकाणी लिहिला जातो, आणि तिन्ही ठिकाणी तुमचा आधार आहे. पगाराची पावती काढून बघा. १२,०००वर १२ टक्के पीएफ, म्हणजे १,४४०. पाऊण टक्का ईएसआयसी, म्हणजे ९०. दोन्ही वजा केले की बरोबर १०,४७० उरतात. व्यवसाय कर कापलेला नाही, कारण बायकांना २५,०००पर्यंत तो लागत नाही. पीएफचा खाते क्रमांक (यूएएन) आधारवर, ईएसआयसीचा विमा क्रमांक आधारवर, बँक खातं आधारवर. आणि संजय गांधीचे पैसे तरी कशावर येतात? आता तेही थेट आधार जोडलेल्या खात्यात.

उद्याच कुणी हे जुळवून बघेल असं मी म्हणत नाही. पण जुळवायचं ठरवलं की काय होतं, ते लाडक्या बहिणीत दिसलं. फेब्रुवारी २०२५मध्ये सरकारने सुमारे पाच लाख महिला त्या योजनेतून वगळल्या. त्यात २,३०,००० अशा होत्या की ज्यांना संजय गांधीचेही पैसे मिळत होते. कुणी घरोघर फिरलं नव्हतं, याद्या याद्यांशी ताडल्या. त्या वेळी दिलेले पैसे परत घेणार नाही असं सरकारने सांगितलं. दर वेळी तसंच सांगतील यावर मी एक रुपया लावणार नाही.

आणि खरं सांगू का, माझ्या सहा वर्षांत जेवढ्या तक्रारी टेबलावर आल्या त्यातली एकही कॉम्प्युटरने केलेली नव्हती. सगळ्या भावकीतून. बांधावरून वाजलं, विहिरीच्या पाळीवरून वाजलं, की दुसऱ्या दिवशी अर्ज: अमुक तमुक ही निराधार नसून नोकरी करते, सबब चौकशी व्हावी. अक्षर दहावीतल्या पोराचं आणि सही ‘एक जागरूक नागरिक’. २०१४-१५च्या सुमारास अशाच एका अर्जावर एका बाईची चौकशी लागली. ती एका खाजगी दवाखान्यात पगारी आया म्हणून होती, २६ महिने. तेव्हा महिन्याला ६०० मिळायचे, म्हणून १५,६००ची वसुली निघाली. रक्कम आज किरकोळ वाटेल. पण नोटीस घेऊन कोतवाल तिच्या दारात गेला तेव्हा ओट्यावर पाहुणे बसले होते, मुलीला बघायला आलेले. ती बाई मला पैशांबद्दल एक शब्द बोलली नाही. “कोतवालाले दुसरा दिवस भेटना नही का?” एवढंच म्हणाली.

तुमच्या अर्जासोबत २०२२ साली तुम्ही प्रतिज्ञालेख दिला असेल. त्यात उत्पन्न लिहिलंय, माहिती खरी असल्याचं लिहिलंय, आणि खाली तुमची सही किंवा अंगठा आहे. तेव्हा ते खरंच होतं, त्यामुळे तुमच्या हातून काही चुकलेलं नाही. पण दर वर्षी जानेवारी ते मार्चमध्ये हयातीचा दाखला द्यायची वेळ येते. तेव्हा त्याच परिस्थितीवर पुन्हा सही करायला बसलात, की चूक तिथून सुरू होते. म्हणून म्हणतो, त्याच्या आत जा.

कसं सांगायचं? यासाठी छापील फॉर्म शोधत बसू नका. कोरा कागद घ्या. वर लिहा: मा. तहसीलदार, संजय गांधी योजना शाखा. विषय: नोकरी लागल्याने अनुदान बंद करणेबाबत. मजकूर चार ओळींचा. मी अमुक गावची, अमुक सालापासून संजय गांधी निराधार अनुदान योजनेची लाभार्थी आहे. दिनांक ४ ऑगस्ट २०२५पासून मला खाजगी कारखान्यात ठेकेदारामार्फत काम लागले असून मासिक पगार १२,००० रुपये आहे. त्यामुळे माझे अनुदान बंद करावे. नोकरी लागल्यानंतरच्या महिन्यांचे अनुदान माझ्या खात्यात जमा झाले असल्यास महिनानिहाय तपशील लेखी द्यावा, देय रक्कम मी शासनास भरण्यास तयार आहे. आणि शेवटी ही ओळ विसरू नका: सदर काम कायमस्वरूपी नसल्याने ते सुटल्यास मी पुन्हा अर्ज करीन. या शेवटच्या ओळीने तुम्हाला कुठला हक्क मिळतो असं नाही. पण दोन वर्षांनी फाइल उघडणाऱ्या कारकुनाला कळतं, की ही बाई स्वतःहून आली होती, पकडली गेली नव्हती. आमच्याकडे त्या फरकाला किंमत असते, नियमात लिहिलेली नसली तरी.

सोबत पगाराच्या पावतीची झेरॉक्स आणि पासबुकाच्या त्या पानाची झेरॉक्स जोडा. अर्ज दोन प्रतींत. एक द्यायची, दुसरीवर आवक शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. “ठेवून जा, करतो” असं म्हणाले तर हसून उभं राहायचं. शिक्का मिळेपर्यंत खिडकी सोडायची नाही. तरीही नाही दिला तर पोस्टाने पाठवा, पोचपावतीसह. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टातच विलीन झालंय, म्हणून खिडकीवर स्पीड पोस्ट मागा.

या शिक्क्याचा एवढा आग्रह का, तर त्यात माझीच चूक आहे. कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागलेली एक बाई वहीच्या फाडलेल्या पानावर अर्ज घेऊन आली होती, “माझं बंद करा”. पानाला अजून हळदीचा वास येत होता. असं कुणी येत नाही, म्हणून मी चकित झालो, चहा सांगितला, शिक्का मारून प्रत दिली आणि मूळ अर्ज भलत्याच गावाच्या फाइलीत लावला. तिचे पैसे चालूच राहिले. दीड वर्षाने जिनिंग बंद पडली, ती नव्याने अर्ज करायला आली, तर रेकॉर्डवर ती अजून लाभार्थी. माझ्या जागी आलेल्या कारकुनाने तिला चोर ठरवलंच होतं. तिने पिशवीतून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली ती प्रत काढली. शिक्का माझा, सही माझी. मधले पैसे तिने खर्च केले नव्हते, ते चलनाने भरले, आणि नवा अर्ज समितीसमोर गेला. तरी चार महिने लागले. ते चार महिने माझ्या खात्यावर आहेत.

आता तुमच्या पासबुकातले ४,५००. इथे घाई करू नका, कारण सगळे पैसे परत करायचे नसतीलही. हे अनुदान वेळेवर येत नाही, दोन-दोन महिने थकतं आणि मग एकदम पडतं. सप्टेंबरात आलेले ३,००० हे कोणत्या महिन्यांचे? जून-जुलैचे असतील तर ते पूर्ण तुमचे. तेव्हा तुम्ही घरीच होतात. जुलै-ऑगस्टचे असतील तर जुलैचे तुमचे, आणि ऑगस्टचं शाखेला ठरवू द्या, कारण पहिला पगार तुमच्या हातात सप्टेंबरातच पडला असणार. पैसे कधी जमा झाले यापेक्षा ते कोणत्या महिन्याचे, हे महत्त्वाचं. म्हणून अर्जात महिनानिहाय तपशील मागायला सांगितलं. तो येईपर्यंत ते ४,५०० खात्यात राहू द्या, काढू नका. भरायची वेळ आली तर चलन मागा. सरकारी रक्कम ग्रास (सरकारी ऑनलाइन भरणा) चलनाने भरली जाते, त्यावर तुमचं नाव आणि रक्कम येते. रोख कुणाच्याही हातात द्यायची नाही, तो कितीही ओळखीचा असो. तहसीलच्या फाटकाबाहेर झाडाखाली बसलेला एखादा भाऊ “मी मिटवून देतो, हजार द्या” म्हणेल. त्याला राम राम करून पुढे व्हा.

नोकरी सुटली तर काय, या तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येतो. बंद झालेलं अनुदान बटण दाबल्यासारखं पुन्हा चालू होत नाही. नवा अर्ज, नवा उत्पन्नाचा दाखला, तलाठ्याची चौकशी, मग समिती. यातला अडणारा कागद म्हणजे उत्पन्नाचा दाखला. तो मागच्या आर्थिक वर्षाच्या कमाईवर मिळतो आणि ३१ मार्चला संपतो. समजा, पुढच्या वर्षी डिसेंबरात काम सुटलं. तेव्हा दाखला मागायला गेलात तर मागच्या वर्षाचा पगार आडवा येईल. खोटा दाखला काढून देणारे भेटतील, नको म्हणा. त्याऐवजी काम सुटलं त्याच आठवड्यात ठेकेदाराकडून काम सुटल्याचं पत्र घ्या. तो देणार नाही, बहुतेक देत नाहीत. मग पीएफचं पासबुक कामी येतं. त्यात ज्या महिन्यानंतर भरणा थांबला तो महिना स्पष्ट दिसतो. तलाठ्याला जबाब देताना त्याची प्रिंट जोडा. मधले काही महिने कोरडे जातील हे धरूनच चाला. म्हणून पगारातून, जमेल तसं, सहा महिन्यांच्या अनुदानाएवढे म्हणजे ९,००० बाजूला टाका. बचत गटात टाका, पोस्टात टाका. ती रक्कम उभी राहिली की ठेकेदाराच्या तोंडाकडे बघायची पाळी कमी येईल.

मालकांचा मृत्यूचा दाखला, रहिवासाचे पुरावे, जुना मंजुरी आदेश सापडला तर तोही, सगळं एका पिशवीत ठेवा. नव्या अर्जाला तेच लागणार आहे.

पीएफचं पासबुक मात्र आजच बघून घ्या, वेगळ्या कारणासाठी. पावतीवर १,४४० कापलेले दिसतात, पण ते भरले जातात का? उमंग ॲपवर दिसतं. मुलाला सांगा, सातवीतली पोरं हे आपल्यापेक्षा लवकर करतात. नसतील भरले तर मला पुन्हा लिहा, ते वेगळं प्रकरण आहे.

ईएसआयसीचंही बघा, कारण ते ९० रुपये मला त्या १,५००पेक्षा मोठे वाटतात. तुमचं आणि मुलांचं औषधपाणी त्यात येतं. कामाच्या ठिकाणी अपघात होऊन काही बरंवाईट झालं तर मुलांना दरमहा अवलंबितांचा लाभ मिळतो. सहा महिन्यांच्या वर्गणीच्या काळात ७८ दिवस भरले की आजारपणातही पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. फक्त तिथेही हाच नियम लागू आहे, जो आज तुम्हाला त्रास देतोय. ज्या दिवसांचा भत्ता मागितला त्या दिवशी कामावर जायचं नाही, आणि कामावर परतायच्या आधी त्यांच्या डॉक्टरकडून कामाला योग्य असल्याचा दाखला घ्यायचा. “अर्धा दिवस जाऊन आले, हजेरी लागली” असं झालं की भत्ता अडकतो. बायका हे भोळेपणी करतात आणि मग हजेरीचा रकानाच त्यांच्या विरुद्ध साक्ष देतो.

आता सासूबाई. हे तुम्ही विचारलं नाही, पण मला त्याचीच जास्त काळजी वाटते. श्रावणबाळलाही २१,०००ची अट आहे आणि तीही कुटुंबाची. रेशन कार्ड एकच असेल तर तुमचा अर्ज गेल्यावर त्यांच्याबद्दलही विचारणा होऊ शकते. काही लोक अशा वेळी कार्ड फोडतात: सासू कागदावर धाकट्या मुलाकडे, प्रत्यक्षात चूल एकच. मी ते सुचवणार नाही. चौकशीला येणारा माणूस घरात शिरल्यावर पहिल्यांदा चुलीच मोजतो. तुमच्या सासूबाई खरोखर दुसऱ्या मुलाकडे राहत असतील, किंवा राहायला जाणार असतील, तर गोष्ट वेगळी. मग कार्ड वेगळं करण्यात गैर काही नाही. एकत्रच राहत असाल तर त्याच भेटीत नायब तहसीलदारांना सरळ विचारा, “सुनेला नोकरी लागली तर सासूचं काय?” विचारणा झाली तर सासूबाईंच्या स्वतःच्या नावावर काही नाही आणि मुलगा हयात नाही, हे लेखी मांडा. निर्णय त्यांचा. पण ऐनवेळी नोटीस आल्यावर धावण्यापेक्षा हे बरं. सासूबाईंना मात्र आज रात्रीच सांगून ठेवा. त्यांचा तंबाखू-चहा त्या पैशांवर असेल, आणि तुमच्या अर्जामुळे ते गेले असं त्यांना शेजारणीकडून कळायला नको.

रेशनच्या धान्याचा हिशोब पुन्हा वेगळा. प्राधान्य कुटुंबाची मर्यादा गावात वर्षाला ४४,००० आणि शहरात ५९,०००. तुमचा पगार तिच्याही वर जातो. ते काम पुरवठा शाखेचं आहे. त्यांचा पडताळणीचा फॉर्म आला की त्यावर खरं उत्पन्न लिहा. चार माणसांचं वीस किलो धान्य गेलं तर घरात जाणवेल, हे मला कळतं. त्याचा हिशोब पगारात आताच धरून ठेवा.

सगळंच जातं असंही नाही. लाडक्या बहिणीची उत्पन्नमर्यादा अडीच लाख आहे. आजवर संजय गांधीचे १,५०० मिळत असल्याने तुम्ही त्यात बसत नव्हता. ते बंद झाले की १,४४,००० उत्पन्नावर तुम्ही अटीत बसता. खाजगी नोकरीची आडकाठी नाही. अडचण एवढीच, की त्या योजनेची नोंदणी ऑक्टोबर २०२४मध्ये थांबली. पुन्हा सुरू झाली तर अंगणवाडीच्या ताईंना सगळ्यांत आधी कळेल, त्यांच्या कानावर घालून ठेवा. त्या भरवशावर मात्र काही ठरवू नका. त्यापेक्षा बालसंगोपन बघा. वडील गेलेल्या मुलांसाठी ती योजना आहे, एका मुलाला महिन्याला २,२५०, वयाच्या अठरापर्यंत. मुलाची परिस्थिती पाहून बालकल्याण समिती मंजुरी देते. जळगावात जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात अर्ज करायचा असतो. तुम्ही रोज जळगावला जाताच, एक सुट्टी त्यासाठी काढा. तिथेही नोकरी आणि पगार खराच सांगायचा. आणि एसटीचं अर्धं तिकीट कुणी काढून घेणार नाही, ते बाईमाणसाला म्हणून आहे, गरीब म्हणून नाही.

इतर वाचकांसाठी दोन ओळी, कारण अशी पत्रं बरीच येतात. ज्यांचे पती पीएफ असलेल्या नोकरीत होते त्यांना मिळणारी पीएफची विधवा पेन्शन नोकरी लागली म्हणून बंद होत नाही, ती पुनर्विवाह झाला तर बंद होते. आणि दिव्यांग लाभार्थ्यांना उत्पन्नाची मर्यादा ५०,००० आहे. ऑक्टोबर २०२५पासून त्यांना २,५०० मिळतात. या पत्रातला हिशोब त्यांनी स्वतःला जसाच्या तसा लावू नये.

भावजयीला काय सांगायचं ते तुम्ही बघा. माझ्या मते तिच्याशी वाद घालू नका. ती तुमच्या बाजूनेच बोलतेय.

पुढच्या हप्त्याचं म्हणाल, तर अर्ज दिल्यावरही एखाद-दुसरा हप्ता येईल, कारण याद्या आधीच पुढे गेलेल्या असतात. आला तर घाबरू नका, बँकेत जाऊन तो परत पाठवायच्या भानगडीतही पडू नका. ४,५००च्या शेजारी राहू द्या. तारीख शिक्क्याच्या प्रतीमागे पेन्सिलीने टिपून ठेवा. दोन महिन्यांनीही येतच राहिले आणि तपशीलही मिळाला नाही, तर माहिती अधिकारात अर्ज टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा आणि विचारायचं, “माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर काय कार्यवाही झाली?” तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मी टेबलावर होतो तेव्हा असा अर्ज आला, की हरवलेली फाइल त्याच दुपारी सापडायची.